सोनारवर एकच ठिपका

नवा सोनार बसवून यानेतने ऑनलाइन खेळातल्या पाण्यात पहिली हाक सोडली, आणि पडद्यावर तिच्या चिमुकल्या पाणबुडीमागे भलामोठा ठिपका उमटला.

हा सोनार कान टोचणारा नव्हे, पाण्यातल्या प्रतिध्वनीला कान देणारा. जुन्याला नाकासमोरचा खडक तेवढा कळायचा. हा पाण्याखालच्या दरीतली प्रत्येक पाणबुडी खेळाडूच्या नावासकट दाखवायचा. त्यासाठी ती कितीतरी दिवस खेळातल्या समुद्रतळाशी तांबं खणत होती. कारण एकच, डार्विन. या नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून ती उरुग्वेतून चिलीत, आंतोफागास्ताला पळाली होती. तो मूळचा इक्वाडोरचा. तिला शोधत अजून तिच्याच गावात ठाण मांडून होता. धाकट्या इरिसचा फोन तो तपासायचा, म्हणून दोघी बहिणी या खेळात लिहून बोलायच्या. पण इथेही तो दुसऱ्या पाणबुडीतून चोरून वाचत असला तर? या धास्तीने तिने पत्ता इरिसलाही दिला नव्हता.

ठिपका जवळ आला. त्याला नाव नव्हतं. देवमासा होता, बाजूने निघून गेला. तिने पुन्हा हाक सोडली. अख्ख्या दरीत एकच पाणबुडी होती, इरिसची. यानेतचा जीव भांड्यात पडला.

आईची शाल पाठवायची आहे, पत्ता दे, असं इरिसने लिहिलं. यानेतने शहराचं नाव कळवलं.

"आभार, ताई."

"बहिणीचे आभार मानतेस? फार मोठी झालीस गं," यानेतने चिडवलं आणि गल्ली लिहिली.

"आभार, ताई. खरंच आभार."

यानेतने घर, मजला, सगळं लिहून टाकलं. इरिसचा ठिपका विझला.

कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. तिने आपल्या गावाकडचा, येर्बाच्या पानांचा कडू चहा केला आणि घरमालकीण दोन्या एर्मिंदाला वर बोलावलं. म्हातारीने नळीने चहा ओढून संपवला आणि "आभार, पोरी," म्हणत भोपळ्याचं भांडं परत दिलं. यानेतने सवयीने ते बाजूला ठेवलं.

"हे काय, एकावरच बोळवण? आणखी ओत की."

"तुम्हीच आभार मानलेत ना," यानेत हसत म्हणाली. "आमच्याकडे भांडं परत देताना आभार म्हटलं, की समोरच्याने समजायचं, पुरे, आता थांब..." बोलता बोलता तिला इरिसने दोनदा लिहिलेलं "आभार, ताई" आठवलं.