डेरेकची चूक

“डेरेकनं बोल्ट ऐंशीवर आवळला. एवढंच लिही,” मोरेश्वरकाका म्हणाले.

हिमानीची बोटं लॅपटॉपवर थांबली. “काका, त्याची मुलगी फक्त एक सेन्टेन्स मागतेय, यार. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते की चिठ्ठीवर ऐंशीच होतं. एवढं ॲड केलं तर काय बिघडतं?”

“‘यार’ तुझ्या कॉलेजातल्यांना म्हण. उद्या कुणी म्हणेल, विमान भुतानं पाडलं. तेही ॲड करशील?”

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या या घरात तीन महिने दर शनिवारी दुपारी पेनफोल्ड कंपनीचा इतिहास लिहिला जात होता. पेनफोल्ड इंग्लंडात दोन माणसं बसतील एवढी छोटी विमानं बनवायची. त्यातली अकरा अजून उडत होती, चार इथं अमेरिकेत. ती उडवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबला पुस्तक हवं होतं. कंपनीत काम केलेला एकच इंजिनिअर त्यांना हयात सापडला, एक्याऐंशी वर्षांचे मोरेश्वरकाका. टायपिंगला शेजारची हिमानी, नुकतीच फिजिक्सची पदवी घेतलेली.

शेवटचं प्रकरण एकोणीसशे एकोणसत्तरचं होतं. पंखाला खालून आधार देणाऱ्या दांडीचा, म्हणजे स्ट्रटचा, बोल्ट चाळीस फूट-पौंड जोरानं आवळायचा होता. काका तेव्हा पंचवीस वर्षांचे, वाईहून येऊन जेमतेम सात महिने झालेले. त्यांनी घाईत चिठ्ठी लिहून फिटर डेरेकच्या हातात दिली. डेरेकनं बोल्ट दुप्पट आवळला. तिसऱ्या उड्डाणात तो तुटला. वैमानिक वाचला, कंपनी वाचली नाही.

चौकशीत डेरेक म्हणाला, चिठ्ठीवर ऐंशी होतं. पण काम झाल्यावर चिठ्ठी त्यानं फेकून दिली होती. ड्रॉइंगवर चाळीस होतं, काकांनी शपथेवर चाळीस सांगितलं. तेवढं पुरलं. डेरेकला पुन्हा कुणी विमानाला हात लावू दिला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यानं घरोघर दूध टाकलं.

“पण काका, प्रूफ काय आहे? इट्स जस्ट युअर वर्ड अगेन्स्ट हिज.”

“प्रूफ हवं काय तुला?”

काका आतल्या खोलीत गेले आणि चिठ्ठ्यांचं एक जुनं पुस्तक घेऊन आले. प्रत्येक चिठ्ठीची कार्बन कॉपी त्यात राहत असे. चौकशीत ते कुणी मागितलं नव्हतं. काकांनी मात्र ते इंग्लंडहून ओहायोला आणि ओहायोहून इथं आणलं होतं. वर्षा-दोन वर्षांनी ते उघडून बघत. दर वेळी चाळीसच असायचं. मग त्यांना जेवण गोड लागायचं.

त्यांनी पान काढून तिच्यापुढे ठेवलं. “काढ फोटो. छाप पुस्तकात. त्या मुलीलाही पाठव.”

हिमानी वाकली. ती घरी मराठी बोलायची, वाचायला मात्र कधी शिकली नव्हती. इथं तशी गरजही नव्हती, शब्द इंग्रजी होते. स्ट्रट बोल्ट, डावा आणि उजवा. तिनं फोन धरला. मग खाली ठेवला.

“काका, इथं एटीच आहे.”

“डोळे तपासून घे.”

“एट, झीरो. एटचं वरचं तोंड थोडं उघडं राहिलंय, बस. तुम्हीच बघा ना.”

तिनं आकड्याखाली बोट ठेवलं. काकांनी चष्मा सारखा केला.

४०.

त्यांनी पान हातात घेतलं, खिडकीकडे नेलं, परत आणलं. पुन्हा बघितलं.

“मग काय लिहू?” शेवटी तिनं विचारलं.

काका खुर्चीत बसले.

“लिही, डेरेकनं चिठ्ठी बरोबर वाचली,” ते म्हणाले. “आकडा मी मराठीत लिहिला होता.”