कोपऱ्यातली चौकट

अबुधाबीतून व्हिडिओ कॉल लागत नसे, म्हणून आईचा चेहरा रोज दिसावा यासाठी निनादने तिथली बंदी चुकवणारं व्हीपीएन घेतलं. त्यावर ऑनलाइन कॅसिनोही उघडतो, हे त्याला नंतर कळलं. मग जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून तो अलिबागला कॉल लावायचा. आई कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बोलत राहायची आणि उरलेल्या स्क्रीनवर वीस-वीस सेकंदांचे डाव चालायचे. दोन डावांच्या मध्ये तो म्हणायचा, "हो आई, होईल बरं."

"हल्ली दादा घाईत फोन ठेवत नाही गं," आई लेकीला, ईश्वरीला, कौतुकाने सांगायची.

आई अचानक गेली. मिळेल त्या विमानाने तो घरी पोचला.

"छातीत दुखत होतं, तर तुला काहीच कसं बोलली नाही ती?" त्याने बहिणीला विचारलं.

"बोलली ना. मी रिक्षासुद्धा बोलावली होती. तिनेच परत पाठवली."

"का?"

 

"म्हणाली, दादाला आत्ताच सगळं सांगितलंय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, होईल बरं."