आर्विडची जागा

मे महिन्यात वॉलाय मासा धरायची बंदी उठते. त्या पहिल्या सकाळी आर्विड चाळीस वर्षं सरोवरातल्या एकाच गुप्त जागी गळ टाकत आला. बायकोलाही त्याने ती कधी दाखवली नव्हती. यंदा ती जागा त्यालाच आठवेना. होडी त्याची बायको मार्लिस हाकत होती आणि तो प्रत्येक बेटाकडे बघून म्हणत होता, "हेच... नाही गं, हे नव्हे." शेवटी म्हणाला, "घरी चल. माझं संपलं आता."

तेवढ्यात ड्वेनची होडी जवळ आली. हा ड्वेन आर्विडचा मासेमारीतला जन्माचा वैरी. त्याने एकवार आर्विडकडे पाहिलं आणि मार्लिसला हळूच म्हणाला, "ये माझ्या मागनं."

दोन बेटांमधल्या खडकाळ उथळावर तो थांबला.

"तुला ही जागा ठाऊक होती?" मार्लिसने हळूच विचारलं.

"वीस वर्षं झाली. पण इथे गळ नाही टाकला कधी. देवाने त्याला दिलेली जागा, मी कोण हात घालणार?"

आर्विडने गळ सोडला. दोरी ताणली. सोनेरी वॉलाय वर आला तसा त्याचा चेहराही उजळला. मग समोर ड्वेन दिसताच तो दचकला; त्यानेच इथवर आणलं हे तो विसरून गेला होता. क्षणभर त्याने विचार केला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "पाहिलीसच ना लबाडा? मग टाक तूही. पण गावात बोललास तर याद राख!"

ड्वेनने डोक्यावरची टोपी काढली. "नाही बोलणार. फार उपकार झाले, आर्विड."