मागितला तो बंब

धुरपदाबाईंनी डोक्यावरचा बंब उतरवून टेबलावर ठेवला आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावरची सगळी माणसं पोट धरून हसली.

न्हाणीतला तांब्याचा बंब होता तो, पाणी तापवायचा. अंगावर धुराचा काळा थर, तोटी जराशी वाकडी.

"घ्या," धुरपदाबाई म्हणाल्या. "सकाळपासून भोंग्यावर चाललं शे, गावाला बंब पाहिजे, बंब पाहिजे. हा माझा घ्या."

योगेंद्र हा पंचायतीतला सगळ्यात तरुण सदस्य. त्यानं कसंबसं हसू आवरलं. "माय, आपल्याला आगीच्या बंबासाठी जागा बांधायची आहे. लाल गाडी असते ती. हा तर आंघोळीचा!"

"याच्यात बी आगच असते ना, भाऊ?"

"राहू दे रे," बन्सीलाल शेठ डोळे पुसत म्हणाले. "कुठं आग लागली तर दोन बादल्या ऊन पाणी तरी मिळेल."

पुन्हा हशा उठला. लोटन आबा तेवढे हसले नाहीत.

आबा एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. गेल्या चैत्रात खळ्यातल्या कडब्यानं पेट घेतला आणि वाऱ्यानं ती आग गल्लीत आणली. सहा घरं गेली, दावणीला बांधलेले चार बैल गेले. लांबून बंब आला तोवर विझवायला फक्त राख उरली होती. त्या दिवसापासून आबांनी गावासाठी बंब मागायचा ध्यास घेतला. अर्जांवर अर्ज केले. शेवटी वरून उत्तर आलं, गाडी देऊ, माणसंही देऊ; शेड आणि पाण्याची टाकी मात्र गावानं लोकवर्गणीतून बांधावी. नाही जमलं तर गाडी दुसऱ्या गावाला जाईल.

तीन महिने आबा दारोदार फिरले. बाई दारातून सांगायची, "घरधनी शेतात गेले, आबा." शेतात जावं तर घरधनी म्हणायचा, "आग काय रोज लागते का?" ज्या गावानं देवळाचा कळस आठ दिवसांत चढवला, त्या गावाचा हात या कामाला खिशात जाईना. आजची भोंग्यावरची हाक शेवटची होती; नकाराचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. ते सोमवारी जिल्ह्याला पोचवायचं होतं. त्यावर अर्जदार म्हणून फक्त आबांची सही बाकी होती.

आणि त्यात हे! उरलंसुरलं कामही आता गावाच्या थट्टेत जाणार, असं आबांना वाटलं. त्यांनी बंब उचलला. पोटावर नाव कोरलेलं होतं, 'चि. सौ. धुरपदा हीस आईकडून'.

"अक्का, आंदणाची वस्तू आहे. घरी न्या."

"दिलेली वस्तू कोणी परत नेतं का?" असं म्हणून धुरपदाबाई पदर सावरत ओटा उतरून गेल्या.

दिवस मावळायच्या आत ही गोष्ट घराघरांत पोचली. पिठाच्या गिरणीवर, कापूस वेचून परतणाऱ्या बायांच्या रिक्षात, बचत गटाच्या बैठकीत, जिथं तिथं बंबाचंच हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सही करायला आले, तर ओट्यावर बचत गटातल्या प्रमिलाबाई बसलेल्या. पुढ्यात बंब.

"भोंग्यावर तुम्हीच मागितला ना?" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही.

त्यांच्यामागून कमलबाई आल्या. मग कोणी बैलगाडीतून, कोणी सुनेच्या स्कूटीवर बंब मधे धरून. घरोघरी गॅसचे गिझर आल्यापासून हे बंब माळ्यावर पडून होते. आंदणाचं भांडं म्हणायला बाईचं, पण मोडीत काढायचं तर घरातल्या चार जणांना विचारावं लागतं. आज कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

कमलबाईंचे मालक झुलाल पाटील फणफणत आले. "अगं, तो बंब वेगळा! गाडी असते ती, गाडी!"

"माय वं!" कमलबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मी अडाणी बाई, माले काय माहीत? आता चारचौघांत परत नेऊ का? नेते बापा. नाव तुमचंच जाईल."

झुलाल पाटलांनी ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. खाकरले. मग म्हणाले, "राहू दे आता."

दुपारपर्यंत अंगण तांब्यानं भरलं. धुळ्याहून मोडवाला काटा घेऊन आला. बन्सीलाल शेठ बराच वेळ त्या ढिगाभोवती फिरले आणि कोणी न विचारताच म्हणाले, "शेडचे पत्रे माझ्याकडून."

आबांनी पत्र फाडलं आणि तडक धुरपदाबाईंचं घर गाठलं. या घरातून आलेला बंब माळ्यावर पडलेला नव्हता, रोजच्या वापरातला होता. अंगणात तीन दगडांवर तेलाचा जुना डबा ठेवून धुरपदाबाई आंघोळीचं पाणी तापवत होत्या.

आबा चुलीपाशी उकिडवे बसले. "अक्का, शेड होते, टाकी होते. काल गाव तुम्हाला हसलं, मला फार वाईट वाटलं. पण तुमच्या एका चुकीनं सगळं जमलं बघा."

धुरपदाबाईंनी काटकी पुढं सारली. डबा उकळायला लागला होता.

"लाल गाडी काय मी पाहिली नही, आबा? चैत्रात आमच्याच गल्लीत उभी व्हती."

"मग काल ते..."

"मी पहिली येडी झाली नसती," त्या म्हणाल्या, "तर बाकीच्या बठ्ठ्या शहाण्या बायांना येडं कसं होता आलं असतं?"