लिंबोणीची बादली

चैत्र लागला तशी सुलभाकाकूंची बाग सकाळपासूनच कण्हू लागली. झाडांना वाचा देणारी यंत्रं बसली आणि झाडांनी पहिलं काम काय केलं, तर नगरपालिकेत तक्रारी. तेव्हापासून या वाळवंट झालेल्या गावातलं पाणी झाडांच्या नावावर येई. माणसांना फक्त प्यायला मिळे. आज लिंबोणीची बादली होती.

"काकू, पाणी!" लिंबोणीच्या मागून घोगरा आवाज आला आणि मागोमाग खोकला.

काकूंनी बादली खाली टेकवली. "अहो, बाहेर या. लिंबोणीला खोकला होत नाही."

काकूंचे यजमान अनंतराव पंचा नेसून बाहेर आले. "संक्रांतीपासून आंघोळ नाही गं. एक तांब्या तरी दे."

"तिला फुलं आलीत. आज पाणी चुकलं तर सगळी गळतील."

"आणि मी गळालो तर?"

काकूंच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात खरी लिंबोणी बोलली, "द्या त्यांना, काकू. त्यांच्या वासानं मधमाश्या फिरकत नाहीत. फक्त माझ्या आळ्यात उभं करा. आणि साबण नको."

अनंतराव आळ्यात उभे राहिले. काकूंनी तांब्या तांब्या करत पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, ते मुळांशी मुरू दिलं आणि सवयीनं त्यांच्या पावलांवरही पालापाचोळा पसरला. बादली संपली.

"आणि माझी आंघोळ?" काकूंनी विचारलं.

नवरा आणि लिंबोणी, दोघंही गप्प. यंत्रं बसल्यापासून बाग पहिल्यांदाच शांत झाली होती.