कुमुदबाईंचा बिनचूक डाव

दुसरीच्या वर्गात सापशिडीचा पट मांडला होता आणि भिंतीवरच्या पडद्यातून कुमुदबाई मुलांना फासे टाकायला सांगत होत्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. जुन्या तासांच्या चित्रफितींवरून यंत्राने त्यांना पुन्हा घडवलं होतं. आवाज तोच, पदर खोचणंही तेच.

त्यांची मुलगी मृणाल मागच्या बाकावर बसून बघत होती. मुलं मुकाट्याने बेरजा करून सोंगट्या सरकवत होती.

"आमची ताई म्हणते, पूर्वी बाई सारख्या चुकायच्या," शेजारची रेवा कुजबुजली. "पाच नि चार आठ म्हणायच्या. मग अख्खा वर्ग ओरडायचा, 'नऊ, बाई, नऊ!' ह्या तर चुकतच नाहीत."

त्या चुका मृणालनेच यंत्रातून गाळायला लावल्या होत्या. शेवटी शेवटी बाईंना बेरीजही जमत नव्हती, असं कुणी म्हणू नये म्हणून.

ती उठून रेवाला घेऊन पटाशी बसली, फासे टाकले. "सहा नि पाच... दहा," मोठ्याने म्हणाली आणि मुलांकडे पाहत थांबली.

रेवाचे डोळे चमकले. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यातून आवाज आला, "अकरा, बाळ. नीट मोज."

रेवाने तोंड मिटलं आणि मृणालची सोंगटी अकरा घरं पुढे सरकवली.