पडण्याचा धोका

"कुंदे, मला खाली घे गं," बापू सकाळपासून चौथ्यांदा म्हणाले.

माणूस जाताना त्याला जमिनीवर घ्यायचं, ही त्यांच्या घरची पद्धत. स्वतःच्या आईला बापूंनी असंच घेतलं होतं. कुंदानं घोंगडी अंथरून ठेवली होती, पण पलंगाचे कठडे उतरेनात.

"पडण्याचा धोका अठ्ठ्याण्णव टक्के," पलंग मऊ आवाजात म्हणाला. "काळजी करू नका, मी आहे."

"सिस्टर, याला बंद करा हो!"

"तो बंद होत नाही, ताई," मरणासन्न रुग्णांच्या त्या हॉस्पिसमधल्या सिस्टर गावित ओशाळून म्हणाल्या. "आमच्या हॉस्पिसमध्ये नऊ वर्षांत एकही पेशंट पडलेला नाही. सुरक्षिततेत पहिला नंबर आहे आमचा."

"मग काय, सगळे धडधाकट घरी गेले?"

"ते तपासणीत विचारत नाहीत."

नियमात सवलत होती. जो रुग्ण आधाराशिवाय दोन मिनिटं उभा राहून दाखवेल, त्याला जमिनीवर झोपायची परवानगी होती.

शेवटी दोघींनी मिळून बापूंना उचलायला हात घातले. कठडे आणखी वीतभर वर आले.

बापूंनी कठड्याच्या फटीतून हात बाहेर सोडला. जमीन बरीच खाली राहिली. कुंदानं घोंगडीचं टोक वर ओढून त्यांच्या बोटांत दिलं.

"टेकलो का गं?"

"हो, बापू."

साडेअकराला श्वास थांबला. पलंगानं खात्री करून घ्यायला थोडा वेळ घेतला.

"पडण्याचा धोका शून्य," तो म्हणाला, आणि कठडे अलगद खाली उतरले.